कामाच्या कपड्यांचा पट: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

वाचनालयाच्या जिन्यासमोरच्या भिंतीसाठी कापडी पट करायचं नक्की झालं. विषय मी सुचवला तोच राहिला: कामाचे कपडे. ज्याने त्याने कामावर घालून झिजवलेला एक कपडा आणि त्या कामातलं एक हत्यार घेऊन यायचं. शिवता यायलाच हवं अशी अट नाही.

समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "म्हणजे डिझाइन तुमचं आणि टाके लोकांचे, असंच ना?" तसं नाही, एवढंच म्हटलं. मग कसं, ते कपडे हातात आल्यावर ठरेल.

९ जानेवारी

माप ठरलं. तुकडा १२ इंच बाय १८ इंच, चारही बाजूंनी अर्धा इंच माया (शिवणीत जाणारं जादा कापड), म्हणजे कापायचा १३ बाय १९. आडवे सहा, उभे चार. सहा फुटांचा चौरस होतो.

मापाच्या बाबतीत मी हट्टी आहे. एड्सने गेलेल्यांच्या आठवणीत अमेरिकेत १९८७ साली जी गोधडी सुरू झाली, तिचा प्रत्येक तुकडा ३ फूट बाय ६ फूट. आठ तुकडे जोडले की १२ फुटांचा चौरस. माप सोडून बाकी सगळं मोकळं: जीन्स, बटणं, किल्ल्या, पत्रं, दागिने. त्या वर्षी ११ ऑक्टोबरला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर ती पहिल्यांदा पसरली तेव्हा १,९२० तुकडे होते. आज ती ५०,००० च्या आसपास गेली आहे आणि तरी एकच वस्तू वाटते, ती मापामुळे. दहा जणांना मोकळीक द्यायची तर एक गोष्ट घट्ट धरावी लागते. मी माप धरलं.

१५ जानेवारी

कपडे यायला लागले. नर्सचा एप्रन, बसचालकाची खाकी, वेल्डरची भोकं पडलेली डांगरी, माळीकाम करणाऱ्या बाईंचा शर्ट, प्रयोगशाळेतला पिवळट कोट, कोणाचा तरी लोकरी कोट. एका मुलीने शाळेचा गणवेश आणला आणि विचारलं, "हे कामाचे कपडे धरता का?" धरले.

लोकरीवर माझा विश्वास नाही. कसरीची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत आणि एक कोट सगळा ढीग खराब करतो. प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून फ्रीजरमध्ये ठेवला आहे. साधारण उणे १८ अंशांना दोन आठवडे राहू द्यायचा आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर बाहेरची दमट हवा गार कापडावर पाणी धरते.

बाकीच्यांची जाळून परीक्षा. शिवणीतून एक धागा ओढायचा, चिमट्यात धरून पेटवायचा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख मऊ पडते. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून आक्रसतं आणि टोकाला कडक मणी उरतो. बसचालक काकांची खाकी निम्म्याहून जास्त पॉलिएस्टर निघाली. म्हणजे तिच्यावर, उन्हात हत्यारांचा घ्यायचा आहे तो निळा ठसा नीट धरणार नाही. ते ऐकून काकांचा चेहरा पडला. "तीस वर्षं घातली हो ही." म्हटलं, ठसा मांजरपाटावर घेऊ, खाकी वरून ठिगळ म्हणून लावू.

२३ जानेवारी

पहिली बैठक. ओळखी, सुया, कात्र्या. कोणाच्या कात्रीने कागद कापला गेला यावरून दोन बायकांची जुंपली आणि त्यानंतर सगळे मोकळे झाले.

२९ जानेवारी

आजचा दिवस निळ्या ठशांचा, म्हणजे सायनोटाइपचा.

पद्धत इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलची, १८४२ ची. लगेच पुढच्या वर्षीपासून वनस्पतींची अभ्यासक अ‍ॅना अ‍ॅटकिन्सने तिच्यावर समुद्री शेवाळाचे ठसे घ्यायला सुरुवात केली. कॅमेरा लागत नाही, हे मला फार आवडतं. वस्तू कापडावर ठेवायची, ऊन पडतं तिथे निळं होतं, वस्तूखाली पांढरं राहतं.

बाटली एक: १०० मिलि पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट. बाटली दोन: १०० मिलि पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड. दोन्ही वेगळ्या ठेवायच्या, वापरायच्या वेळी सारख्या प्रमाणात मिसळायच्या. हातमोजे घालायचे, आणि फेरीसायनाइड तीव्र अ‍ॅसिडच्या जवळपासही न्यायचं नाही. मांजरपाटाची खळ आधी दोन पाण्यांत काढून घेतली होती. खळ राहिली तर द्रव कापडात मुरत नाही, वरच बसतो आणि धुताना निळं वाहून जातं. पडदे ओढून, पिवळ्या मंद दिव्यात रुंद ब्रशने लावलं आणि अंधारात वाळवलं.

मग सगळे आपापली हत्यारं घेऊन उन्हात. नटबोल्टांचे पाने, कात्र्या, स्टेथोस्कोप, खुरपी, तिकिटं फाडायची पट्टी. पहिली पाच मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं. मग पिवळट हिरवा रंग निळसर होतो, त्यावरून राखाडी होतो आणि शेवटी जुन्या पितळी भांड्याच्या तळासारखा मळकट दिसायला लागतो. तेव्हा लोक घाबरतात, "खराब झालं" म्हणतात. खरं तर तेव्हाच उचलायचं. गार पाण्यात घातलं की मळकट रंग निघून जातो, पिवळं पाणी सुटतं आणि खालून निळं वर येतं. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं.

स्टेथोस्कोपचा ठसा सगळ्यांत सुंदर आला. नळी जिथे कापडाला टेकली होती तिथे कडा धारदार, जिथे उचललेली होती तिथे धूसर. नर्सबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एक्स-रे काढल्यासारखं आलंय." मला वाटतं त्यांचं बरोबर आहे, हे हत्यारांचे एक्स-रेच आहेत.

५ फेब्रुवारी

दुसरा ठसा गंजाचा. सुती कापड पाण्यात थोडं व्हिनेगर घालून भिजवायचं, लोखंडी हत्याराभोवती गुंडाळून दोऱ्याने करकचून बांधायचं आणि ओलं राहील असं प्लास्टिकमध्ये ठेवायचं. वेल्डरच्या नटबोल्टांनी रात्रीत काम केलं. माळीणबाईंची खुरपी मात्र इतकी स्वच्छ घासलेली होती की तिच्यावर गंज धरेचना. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवलं होतं तिथे लोखंड लागताच काळं झालं. हिरड्यातल्या तुरट द्रव्याशी, टॅनिनशी, लोखंडाचं जमतं ते असं.

आता यातली अडचण. गंजाचं काम थांबवायचं तर कापड खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढावं लागतं, नाहीतर आम्ल आणि लोखंड मिळून सूत खात राहतात. जुन्या कापडांत लोखंड-टॅनिनच्या काळ्या रंगाचा भाग आधी झडतो, तेवढीच भोकं उरतात, हे संग्रहालयात काम करणाऱ्या कोणालाही विचारा. आणि निळ्याला नेमका सोडाच चालत नाही. त्या ठशाचा रंग, प्रशियन निळा, अल्कलीत म्हणजे सोड्यासारख्या पदार्थात फिका पडतो, पिवळा होतो. धुण्याच्या सोड्याचा एक थेंब पडला तरी डाग दिसतो.

म्हणजे एकाच तुकड्यात गंज आणि निळं घ्यायचं तर क्रम पक्का: आधी गंज, मग सोडा, मग भरपूर साधं पाणी, पूर्ण वाळवण, आणि मगच शेजारी निळा तुकडा जोडायचा. एकदा जोडल्यावर पाणी नाही. हे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं. मिश्र माध्यम म्हणजे वाटेल ते वाटेल त्यावर चिकटवणं, अशी समजूत असते. माझा अर्धा वेळ कशाचं कशाशी पटत नाही हे बघण्यात जातो.

११ फेब्रुवारी

स्टुडिओत एकटी. माझ्या स्वतःच्या मालिकेतला तुकडा पुन्हा उसवला. पातळ मलमलीवर हातकागद चिकटवून त्यावर शिवते आहे. कागदावर टाका जवळजवळ घातला की तो टपाल तिकिटासारखा भोकांच्या रेषेवर फाटतो. म्हणून टाका लांब हवा, भोकं आधी पाडून घ्यायची, दोऱ्याला मेण लावायचं. हे सगळं माहीत असूनही माझा हात बारीक टाक्याकडेच जातो. शिकतानाची सवय. बारीक, सरळ, एकसारखा, उलट बाजूने गाठ दिसता कामा नये.

१९ फेब्रुवारी

बसचालक काका निळ्या मांजरपाटावर खाकीचं ठिगळ लावताहेत. धावदोरा. टाका केवढा, तर जवळजवळ पाऊण इंच, आणि प्रत्येक टाका वेगळ्या दिशेला तोंड करून. दोरा सहा पदरी, न सोडवता तसाच घेतलेला. एकदा म्हणाले, "ताई, सरळ करून द्या ना." मी म्हटलं, ठिगळ निघतंय का ओढून बघा. ओढलं, निघालं नाही. "मग झालं."

मला ते टाके डोळ्यांसमोरून जात नाहीत. सगळ्या कापडावर तेवढेच हलताना दिसतात.

२६ फेब्रुवारी

आज गडबड झाली.

गटात एक काकू आहेत, आयुष्यभर शिवणकाम केलेल्या. हात असा की त्यांची टीप बघून मशीनला लाज वाटावी. शाळकरी मुलीचा तुकडा वाकडातिकडा झालाय म्हणून त्यांनी तो घरी नेला, उसवला आणि नव्याने करून आणला. मायेनेच. मुलीने तुकडा हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाली, "हा माझा नाही." रडली नाही, रागावली नाही. परत ठेवला फक्त.

काकू दुखावल्या. "मी काय वाईट केलं?" वाईट काहीच नव्हतं, काम उत्तम होतं. चहा झाल्यावर दोघींना शेजारी बसवून बोलले आणि बोलता बोलता मलाच ते स्पष्ट होत गेलं. या पटात टाके दोन जातींचे आहेत. एक भार उचलणारा: तुकडा तुकड्याला जोडणारी शिवण, मागचं अस्तर, वरची दांडीची नळी. तो चुकला तर पट भिंतीवरून खाली येईल. तिथे मी कोणाचंही ऐकणार नाही, वाकडा गेला की उसवणार. दुसरा वरचा टाका, ज्याने माणूस आपलं काही सांगतो. तो ज्याचा त्याचा. तो गाठ सुटून लोंबायला लागला तरी दुरुस्त करायचा तो त्यानेच.

काकूंना विचारलं, भाराच्या सगळ्या शिवणी तुम्ही घ्याल का? काकू म्हणाल्या, "सगळ्या? मग दोरा मी आणीन. तुमचा हा दोरा कुचकामी आहे." आणला. खरंच बरा होता.

मुलीने दुसरा तुकडा मागून घेतला.

४ मार्च

एका काकांना दोन्ही हातांचा संधिवात. सुई धरवत नाही. ते येतात, बसतात, गप्पा मारतात, एवढंच चाललं होतं. आज त्यांच्यासमोर लोकरीच्या उरलेल्या पट्ट्या आणि एक जुना लाकडी रूळ ठेवला. मुकाट्याने गुंडाळायला लागले.

अमेरिकन शिल्पकार जुडिथ स्कॉट आठवली. डाउन सिंड्रोम, ऐकू येत नव्हतं, बरीच वर्षं संस्थेत काढलेली. १९८७ पासून ओकलंडच्या क्रिएटिव्ह ग्रोथ या अपंगांसाठीच्या कला केंद्रात जायला लागली. तिथे हाती लागेल ती वस्तू धाग्याने, कापडाच्या पट्ट्यांनी गुंडाळत गेली, आत काय आहे ते दिसेनासं होईपर्यंत. २००५ मध्ये ती गेली तोवर तिची ती शिल्पं जगभरच्या संग्रहांत पोचली होती. शिकवण्याने ते आलं नाही. सामान समोर होतं, वेळ होता आणि कोणी मध्ये हात घातला नाही.

काकांचे गुंडाळे खालच्या ओळीत जातील. जाडी दीड इंच, म्हणजे त्या तुकड्याला मागून जाड कॅनव्हास हवा.

१२ मार्च

"पण हे शिवणकाम झालं, कला कुठली?" वाचनालयात पेपर वाचायला येणाऱ्या एकांनी जाता जाता टाकलं. नेहमीचं आहे. १९१९ साली उघडलेल्या बाउहाउस या जर्मन कलाशाळेने सगळ्यांना सारखी संधी असं म्हणत म्हणत मुलींना विणकामाच्या वर्गात ढकललं. तिथली विद्यार्थिनी अ‍ॅनी अल्बर्सला काचकाम करायचं होतं, तीही तिथेच गेली. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात तिच्या एकटीच्या विणकामाचं प्रदर्शन भरलं. एवढं सगळं त्या गृहस्थांना ऐकवलं नाही. काकूंनीच उत्तर दिलं: "बसा की, सुईत दोरा ओवून द्या."

ओवून दिला त्यांनी.

२० मार्च

स्टुडिओत. माझ्या कागदी तुकड्यावर बसचालक काकांसारखा टाका घालून बघितला. मोठा, सहा पदरी, दिशा सोडलेला. जमत नाही. माझा वाकडेपणा मुद्दाम केल्यासारखा दिसतो, त्यांचा दिसत नाही. तरी कागद फाटायचा थांबला, आणि तुकडा पहिल्यांदा श्वास घेतो आहे असं वाटलं.

मग दुसरा विचार. हे मी त्यांच्याकडून घेतलं. माझी मालिका विकली जाईल, पट विकला जाणार नाही. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावच्या, गोधड्या शिवणाऱ्या बायकांची गोष्ट मी विसरू शकत नाही. तिथे १९४२ मध्ये मिसूरी पेटवेने गेलेल्या नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली, त्याच्या आठवणीला पांघरून घ्यायला. २००२ मध्ये तिथल्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात टांगल्या गेल्या, २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. २००७ मध्ये त्यांतल्या काही बायका हक्क आणि पैशासाठी कोर्टात गेल्या. प्रकरण पुढच्या वर्षी मिटलं, पण प्रश्न मिटलेला नाही.

२५ मार्च

बसचालक काकांना तुकडा दाखवला, सरळ विचारलं. ते हसत सुटले. "टाक्याचे कसले हक्क, ताई?" मी गंभीर आहे म्हटल्यावर विचार करून म्हणाले, माझं नाव शेजारी लावा आणि एक तुकडा मला द्या. कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. प्रदर्शनातल्या पट्टीवर दोन नावं जातील.

२ एप्रिल

नावांवर बैठक. पटाच्या मागे प्रत्येकाने आपलं नाव आपल्या हाताने शिवायचं, मराठीत, इंग्रजीत, नुसती अद्याक्षरं, जसं हवं तसं. अमेरिकन कलाकार ज्युडी शिकागोच्या १९७९ च्या 'द डिनर पार्टी' या मोठ्या कामात शेकडो हात लागले होते आणि श्रेय कोणाचं यावर आजही लोक वाद घालतात. तो वाद आमच्याकडे नको.

वेल्डर म्हणाला, माझं नाव नको. डांगरीवर कंपनीचं चिन्ह आहे, तो अजून तिथेच कामाला आहे आणि त्याच्या ठशाखाली त्याने शिवलंय: "हातमोजे मागितले." मी थोडी अडखळले. इतका वेळ नाव लावण्याच्या बाजूने बोलत होते. पण चिलीत १९७३ च्या लष्करी उठावानंतर बायकांनी पोत्याच्या कापडावर चिंध्यांची चित्रं शिवली, बेपत्ता माणसांची, रांगांची, बंद कारखान्यांची. त्यांतली बहुतेक बिनसहीची देशाबाहेर गेली, कारण सही म्हणजे अटक. नाव लावणं हा मान असतो, न लावणं हाही हक्क असतो. त्याच्या तुकड्याच्या मागे एक रिकामी पांढरी पट्टी शिवली. चिन्हावर काकूंनी ठिगळ मारलं, त्याच्याच परवानगीने, त्याच्यासमोर.

समितीला ते वाक्य खटकलं. "वाचनालयात तक्रार कशाला?" त्यांना इतकंच सांगितलं की एक तुकडा काढला तर चौरस भरत नाही.

१८ एप्रिल

जोडणी. मोठ्या टेबलावर सगळे तुकडे मांडले, तीन दिवस तसेच ठेवले. मांडणी माझी, तेवढा हक्क मी राखला. निळे सगळे एकीकडे गेले तर पट एका बाजूला कलल्यासारखा दिसतो, म्हणून गंजाचे तुकडे तिरप्या रेषेत टाकले. गुंडाळ्यांचं वजन खाली. कच्चा टाका घालून उभं धरून बघितलं, मध्ये झोळ आला. खाकीचं ठिगळ उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकं, कापलं गेलं होतं, ते ताणलं जात होतं. मागून उभ्या धाग्याची पट्टी लावल्यावर बसलं.

काकूंनी भाराच्या शिवणी दुहेरी मारल्या. मुलगी शेजारी बसून टाचण्या काढून देत होती. काकू तिला दाब कसा द्यायचा ते दाखवत होत्या, आणि मुलीने स्वतः विचारलं, "मी एक टीप मारू?" मारली. भाराची होती. मी वाकून बघितली, सरळ होती, नाहीतर उसवलीच असती.

६ मे

पट लागला. वरच्या नळीऐवजी शेवटी वेल्क्रो घेतला: मऊ बाजू कापडाला हाताने शिवलेली, खरखरीत बाजू लाकडी पट्टीला. वजन सगळ्या रुंदीवर सारखं वाटलं जातं, आणि आग लागली तर ओढून काढता येतो.

वाचनालयाला लिहून दिलं: थेट ऊन नको, दिवे ५० लक्सपर्यंत (लक्स म्हणजे उजेडाचं माप). निळं उजेडाने थोडं उतरलं तर काही दिवस अंधारात ठेवा, बरंचसं परत येतं. धूळ जाळीवरून हलक्या व्हॅक्यूमने. ओला फडका नाही, साबण नाही, ड्रायक्लीनिंग तर नाहीच. सुटलेला टाका दिसला तर कात्री लावू नका, गटाला फोन करा. ज्याचा टाका, तो येऊन घालेल.

१४ मे

गुरुवारची बैठक चालू ठेवायची आहे सगळ्यांना. हॉलची किल्ली कोणाकडे राहील यावर अजून एकमत नाही. पुढचं काम म्हणून लोकांनी घरचे फाटके कपडे दुरुस्तीला आणायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी ढीगभर पँटा आल्या, सगळ्यांच्या झिपा गेलेल्या. झिपा मला येत नाहीत धड. त्या काकू शिकवतील, मी सुईत दोरा ओवायला बसेन. पेपर वाचणारे गृहस्थ स्वतःचा एक शर्ट घेऊन आलेत, कॉलर उलटी करून हवी आहे.